चार बार थांबायचं

"चार बार वाजव. मग चार बार थांब. मग परत चार."

ड्रमर हे मला तिसऱ्यांदा सांगत होता आणि मी तिसऱ्यांदा आठच्या आठ वाजवून मोकळी झाले होते. आयर्लंडमधल्या गॉलवे शहराच्या कडेला औद्योगिक वसाहतीतलं गोडाऊन, त्याच्या माळ्यावरची खोली. भिंतींना जुन्या गालिच्यांचे तुकडे ठोकलेले, कोपऱ्यात एक हीटर, तोही फक्त स्वतःला गरम करणारा. साल २०१८, फेब्रुवारी. तोवर मी आठ वर्षं आयरिश पारंपरिक संगीत वाजवत होते. तीनशेच्या वर सुरावटी बोटांत होत्या. आणि मला चार बार गप्प बसता येत नव्हतं.

बार म्हणजे तालाचं एक माप, आपल्या आवर्तनाचा लहान भाऊ म्हणा. त्या रात्री मिरजेला आईशी फोनवर बोलताना म्हटलं, "आज चार बार चुकले गं." ती म्हणाली, "मग पाचव्यात गेलीस का?"

तिचाही दोष नाही. तिच्या माहितीप्रमाणे मुलगी आठ वर्षं बारमध्येच वाजवत होती.

मी मूळची मिरजेची. सतारमेकर गल्लीपासून दहा मिनिटांवर घर. गुरुजींकडे नऊ वर्षं व्हायोलिन शिकले. मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवून. २००९ साली नोकरीनिमित्त गॉलवेला आले. या शहरात वैद्यकीय उपकरणांचे मोठमोठे कारखाने आहेत, त्यातल्या एकात गुणवत्ता विभागात लागले. पहिला हिवाळा म्हणजे पाऊस, चार वाजता अंधार आणि घरमालकिणीचा कुत्रा. एका मंगळवारी पावसातून पळत एका पबमध्ये शिरले, तर कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सात-आठ माणसं बसून वाजवत होती. श्रोत्यांकडे पाठ. स्टेज नाही, माइक नाही, कोणी टाळ्यांची वाट बघत नाही. दोन फिडल, एक लाकडी बासरी, एक कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत धरून दाबायची छोटी पेटी, आणि एक बौरान, म्हणजे काठीनं वाजवायचा डफ. फिडल म्हणजे व्हायोलिनच. हे कळल्यावर मी पुढच्या मंगळवारी माझं घेऊन गेले आणि सहा महिने नुसती मांडीवर ठेवून ऐकत बसले.

याला सेशन म्हणतात. त्याचं गणित सांगते, कारण पुढची सगळी फजिती त्यातूनच झाली. रील नावाचा सुरावटीचा प्रकार घ्या. दोन भाग, प्रत्येक आठ बारचा, प्रत्येक दोनदा वाजवायचा. झाले बत्तीस बार. ही रील तीनदा वाजवायची आणि न थांबता दुसरीत शिरायचं, मग तिसरीत. एकूण दोनशे अठ्ठ्याऐंशी बार, साधारण पाच मिनिटं. त्यात विश्रांतीचा एकही बार नाही. आणि सगळे जण एकच सुरावट वाजवतात. तू स्वर धर, मी ताना घेते, असं काही नाही. ज्याला सुरावट येते तो वाजवतो, ज्याला येत नाही तो पेल्याला हात घालतो. गप्प राहणं म्हणजे तुला हे येत नाही, एवढाच अर्थ.

मी शिकत गेले. जुलैत क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मालबे गावी आठवडाभराची शाळा भरते, विली क्लॅन्सी या आयरिश बॅगपाइप वाजवणाऱ्याच्या नावाची. १९७३ साली तो वारला, त्याच वर्षी सुरू झालेली. तिथे दोनदा जाऊन आले. घराण्यांसारखंच इथेही आहे हे तिथे कळलं. क्लेअरचं वाजवणं संथ आणि झुलतं, डोनेगलचं धारदार, गजाचे फटके तुटक. स्लायगोचं चपळ, सजवलेलं. व्हायोलिन हनुवटीखाली धरायला शिकताना मान सहा महिने दुखली. पण गुरुजींचं एक शिक्षण इथे रोख चाललं. ते म्हणजे कानानं शिकणं. इथेही कागद समोर ठेवला की लोक सहानुभूतीनं बघतात.

एवढं सगळं बरं चाललेलं असताना बँडमध्ये कशाला गेलीस, असं सेशनमधल्या चार जणांनी विचारलं. खरं उत्तर फारसं शोभिवंत नाही. कंटाळा आला होता. आठ वर्षं त्याच टेबलाभोवती त्याच खुर्चीत बसून मला माझं स्वतःचं वाजवणं ऐकू येईनासं झालं होतं. आठ वाद्यांत एक वाद्य. ते सुंदर असतं, नाही असं नाही. पण कारखान्यातही मी तीनशेंतली एकच होते.

बँड पाच जणांचा होता. गायिका, तिचा भाऊ गिटारवर, बास, ड्रम आणि मी. गाणी तिचीच, इंग्रजीतली. पॉप म्हणावं तर जरा आवाज जास्त, रॉक म्हणावं तर जरा गोड. तिनं मला एका सेशनमध्ये ऐकलं होतं. तालमीच्या आदल्या दिवशी तिच्या भावाचा मेसेज आला: "आम्ही ई फ्लॅटला असतो."

मला हे ओळखीचं वाटलं. ई फ्लॅट म्हणजे डी आणि ई यांच्या मधला सूर. पारंपरिक वादकांतही त्याचं वेड आहे. वाद्य अर्धा सूर वर चढवायचं, बोटं नेहमीच्या डी पट्टीची ठेवायची, आवाज झळझळीत येतो. मी चारही तारा अर्ध्या सुरानं ताणून, तुटतायत की काय या धास्तीत गेले. पहिलं गाणं सुरू झालं आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. असा आवाज आला, जणू दोन शेजारी एकाच वेळी वेगवेगळी आरती म्हणतायत. रॉकवाल्यांचं ई फ्लॅट म्हणजे गिटार अर्धा सूर खाली उतरवणं, गळ्याला सोपं जावं म्हणून. मी अर्धा वर, ते अर्धा खाली. मध्ये बरोबर एका पूर्ण सुराचं अंतर. एकच शब्द, दोन जमाती, उलट दिशा.

मग खाली उतरवलं. तारा सैल पडल्या, आवाज ओल्या फटाक्यासारखा. शेवटी बँडसाठी दुसरं, स्वस्त फिडल घेतलं आणि जाड तारा लावून ते कायमचं खालच्या सुरात ठेवून दिलं.

ड्रमरनं त्या पहिल्या दिवशी मला गृहपाठ दिला. "तू ज्यातून आलीस त्यातूनच आधी आलेल्या लोकांना ऐक. फिडल काय वाजवतं ते तुला कळतंच. ते कुठे वाजवत नाही, ते लिहून आण." मी खरंच वही केली. कारखान्यातल्या तपासणी तक्त्यासारखी: वेळ, वाद्य, आवाज आहे, आवाज नाही.

कॉर्स या आयरिश पॉप बँडमधल्या भावंडांपासून सुरुवात केली. डंडॉकची तीन बहिणी आणि एक भाऊ, १९९५ चा त्यांचा पहिला अल्बम. त्यात टॉस द फेदर्स नावाची रील आहे, आमच्या टेबलावर महिन्यातून दोनदा यायची ती. इथे तिच्याखाली ड्रम आणि गिटार. ती ऐकून मला हुरूप आला, हे तर मला येतंच! मग त्याच अल्बममधली गाणी ऐकली आणि तक्त्यात 'आवाज नाही'चा रकाना भरत गेला. कडव्यात गायिकेला वाट करून द्यायची, दोन ओळींच्या मधल्या फटीत चार सूर ठेवायचे, पुन्हा बाजूला व्हायचं. त्यांच्यातल्या फिडल वाजवणाऱ्या शेरॉन कॉरला रीलही वाजवता येते आणि फटही सोडता येते. माझ्याकडे पहिली होती, दुसरी नव्हती.

पण डोक्यात लख्ख उजेड पडला तो हॉर्सलिप्समुळे. हा १९७० सालचा डब्लिनचा बँड, आयरिश सुरावटी इलेक्ट्रिक गिटारवर आणणारा. १९७३ मध्ये त्यांनी ओ'नीलच्या घोडदळाच्या कूचगीतावरून एक गाणं केलं, डार्ग डूम. आयर्लंडमध्ये ती गिटारची सुरुवात माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. १९९० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी देशाच्या संघाचं जे गाणं झालं, त्यातही तीच वापरली. ते मूळ कूचगीत मला येत होतं. मी त्या गाण्याशेजारी बसून ते वाजवून बघितलं. मूळ सुरावट चालत राहते, पुढे जाते, वळते, दुसऱ्या भागात चढते. गाण्यात त्यांनी तिचा पहिला तुकडा उचलला आणि तोच परत, परत, परत वाजवला. पुढे जाऊच दिलं नाही. चाल तीच, पण दारात उभी राहून दार वाजवत राहिलेली.

पारंपरिक सुरावट रस्त्यासारखी असते, तुम्ही तिच्यावरून चालत जाता. पॉपमधली ओळ खुंटीसारखी, गाणं तिला टांगलेलं असतं. हे मी वहीत लिहिलं आणि ड्रमरला दाखवलं. तो म्हणाला, "छान. आता चार बार थांबून दाखव."

थांबायला साधारण दोन महिने लागले. सुरुवातीला मी गज तारेपासून उचलायचे, पण डोक्यातल्या डोक्यात वाजवत राहायचे आणि परत शिरायची वेळ चुकायची. मग पायानं मोजू लागले. मग बासवाल्यानं युक्ती सांगितली, मोजू नकोस, शब्द म्हण. गायिकेची ओळ मनात म्हटली की जागा आपोआप येते. हे गुरुजींचंच होतं खरं तर, बंदिशीचे शब्द येत नसतील तर वाजवू नकोस म्हणायचे. रॉक बँडच्या गोडाऊनमध्ये ते आठवून मला हसू आलं. कारण कोणाला सांगणार?

थांबणं जमलं, तर पुढे 'तसंच' आलं. रेकॉर्डिंगच्या वेळी गायिका म्हणाली, "पहिल्या कडव्यानंतर वाजवलंस ना, दुसऱ्यानंतर अगदी तसंच." मला कळेना. रील तीनदा वाजवतो तेव्हा तिन्ही वेळा थोडी वेगळी नसेल तर टेबलावरचे जुने लोक नाक मुरडतात. एकदा रोल नावाची हरकत घ्यायची, एकदा तोच सूर लांबवायचा, एकदा गजानं त्याचे तीन तुकडे पाडायचे. आणि त्याआधी नऊ वर्षं मी अशा संगीतात होते जिथे तसंच वाजवणं म्हणजे न येणं. पण ऐकणाऱ्याला ती चार सुरांची ओळ दुसऱ्यांदा भेटते, तेव्हा तिनं ओळख दाखवायला हवी. पाहुणीनं दर वेळी वेगळी साडी नेसली तर चालेल, तोंड बदललं तर कसं चालेल?

आता रोलबद्दल. हा आयरिश वाजवण्याचा जीव. एक सूर धरायचा, वरच्या बोटानं त्याला निसटता चिमटा, परत सूर, खालच्या सुराला टिचकी, परत सूर. पाच घटना, आणि सगळं दीड मात्रेच्या आत. आपल्या मुरकीच्या नात्यातलं वाटतं, पण मुरकीतले सूर ऐकू यायला हवेत. इथे तो चिमटा सूर म्हणून ऐकू आला तर चुकलं. तो नुसता ठेच लागल्यासारखा वाटला पाहिजे. जवळजवळ तबल्याचं काम, डाव्या हाताच्या बोटांनी केलेलं.

सेशनमध्ये हे रोल लयीला उचलून धरतात. त्याला इथे 'लिफ्ट' म्हणतात. क्लेअरच्या वाजवण्यात दोन सूर कधीच समान लांबीचे नसतात, पहिला किंचित लांब, दुसरा किंचित आखूड, आणि हे किंचित किती ते कोणी सांगू शकत नाही. स्टुडिओत कानात टिकटिक लावली. ड्रमरची झांज काटेकोर, एकेक घाव सारखा. माझे सूर तिच्या आजूबाजूला लंगडत होते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलानं संगणकावर माझा प्रत्येक सूर उचलून टिकटिकीच्या रेघेवर नेऊन ठेवला. अर्ध्या तासात झालं. ऐकलं तर सगळं अचूक आणि निर्जीव, रोल तर शिलाई मशीनसारखे. गायिकेलाही पटलं नाही. मग आम्ही उलटं केलं. टिकटिक काढून टाकली, ड्रमरला माझ्याबरोबर एका खोलीत बसवलं आणि त्या एका गाण्यात त्याला माझ्या मागून यायला सांगितलं. तो घामाघूम झाला. बाहेर येऊन म्हणाला, "तुम्हा लोकांचा दोनचा ठोका नक्की कुठे असतो?" मला फार बरं वाटलं, लपवत नाही.

बाकी तांत्रिक गोष्टी पटकन सांगते, कारण त्या सगळ्यांच्याच होतात. फिडलच्या घोडीखाली पिकअप, म्हणजे आवाज टिपून वायरीत पाठवणारा तुकडा, बसवला तर पहिला आवाज पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या डासासारखा आला. तो आवाज सुधारून वाढवणारी डबी, म्हणजे प्रीअँप घेतला, उंच पट्ट्या कमी केल्या, मग माणसात आलं. स्पीकरसमोर उभं राहिलं की शिट्टी बसते, म्हणून उभं राहायची जागा खडूनं आखून ठेवायची. कानात बुच्चे घालणं सक्तीचं. पहिल्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला प्रीअँपची बॅटरी संपली. माझाच हलगर्जीपणा, बदलायची राहून गेली होती. पूर्ण गाणं मी हावभावासकट वाजवलं आणि सभागृहात एकही सूर गेला नाही. कार्यक्रमानंतर एक बाई येऊन म्हणाली, त्या गाण्यातली तुमची फिडल फार नाजूक होती.

सगळ्यात अवघड होतं उभं राहणं. मिरजेत मांडी घालून, गॉलवेत खुर्चीत, आणि आता उभी, पायात वायर, डोळ्यांत दिवे आणि समोर माणसं. आयुष्यात पहिल्यांदा वाजवताना मी लोकांकडे तोंड करून होते. चेहऱ्याचं काय करायचं ते कळेना. पहिले चार कार्यक्रम मी बासवाल्याच्या बुटांकडे बघून काढले.

या काळात मंगळवार सुटत गेले. सहा महिन्यांनी परत गेले तर खुर्ची होती, पण वातावरण जरा आखडलेलं. बासरीवाला म्हणाला, "पॉप स्टार आल्या." कॉन्सर्टिनावाले आजोबा काहीच बोलले नाहीत. ऐंशीच्या घरातले, क्लेअरचे, शब्दाला कंजूष. मला त्यांचीच भीती होती. मध्यंतरात बाहेर ते पाइप ओढत उभे होते, तिथे मीच विषय काढला.

"आम्हाला कोण विचारतं," ते म्हणाले. "मी नऊ वर्षं शोबँडमध्ये सॅक्सोफोन वाजवला."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. नव्हती. साठच्या दशकात आयर्लंडभर शोबँडांची लाट होती. चकचकीत सूट, अमेरिकन आणि इंग्लिश रेडिओवरची गाणी, गावोगावचे मोठे नाचघर. खेड्यातली पारंपरिक वाजवणारी पोरं त्यात गेली, कारण तिथे पैसा होता. ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत नाचघरं बंद, मग हे लोक इंग्लंडला जाऊन तिथल्या आयरिश मजुरांसाठी वाजवायचे. "माझ्या बापानं दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं," आजोबा म्हणाले. "त्याचा बाप त्याच्याशी बोलत नव्हता, कारण हा 'केली' बँडमध्ये, म्हणजे पारंपरिक नाचाच्या बँडमध्ये, ड्रमबरोबर वाजवायचा."

मग मी वाचत गेले तेव्हा कळलं की आम्ही ज्या सेशनला हजार वर्षांचं समजून जपत होतो, ते पबमधलं सेशन म्हणून महायुद्धानंतर लंडनमधल्या स्थलांतरित आयरिश मजुरांच्या पबांत आकाराला आलं. त्याआधी हे संगीत स्वयंपाकघरांत आणि चौरस्त्यांवर, नाचण्यासाठी होतं. आमच्या टेबलावर बुझुकी हे लांब मानेचं तंतुवाद्य वाजायचं, ते साठच्या दशकात ग्रीसहून आलेलं. बासरीवाल्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, बुझुकीला प्लग नसतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. प्लगनं फरक पडतोच. माझ्या स्वस्त फिडलमधून मोठ्या स्पीकरवर जे येतं त्यात गजाचं राळेचं खरखरणं जातं, आणि मला ते आवडायचं.

बँड चालू आहे. दीड वर्ष महामारीत गेलं, बासवाला बदलला. गॉलवेजवळ स्पिडलला आम्ही एकदा उन्हाळ्यात वाजवलं, तेव्हा गायिकेनं मला तिथलं एक मोठं घर दाखवलं. वॉटरबॉइज या रॉक बँडनं १९८८ च्या अल्बमचा एक भाग तिथे राहून केला होता. रॉकवाले लोक फिडल शोधत इकडे आले, मी फिडल घेऊन तिकडे गेले. रस्ता तोच आहे, बसही तीच, ती मात्र वेळेवर कधीच येत नाही.

मंगळवारी मी आता महिन्यातून दोनदा जाते. मागच्या खेपेला एक जुनी रील चालू होती, मला झोपेत येणारी. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या भागाच्या तोंडाशी माझा गज तारेवरून उचलला गेला. ठरवून नाही. मी ऐकत राहिले. कॉन्सर्टिना आणि बासरी एकमेकांच्या किती जवळून चालतात, बासरीवाला श्वास घेताना एक सूर कसा गाळतो आणि कॉन्सर्टिना तो कसा भरून काढते, हे मी आठ वर्षं त्यांच्या मधे बसून ऐकलं नव्हतं. चार बार झाले, मी परत शिरले.

रील संपली तसे आजोबा माझ्या फिडलकडे वाकून बघू लागले.

"तार तुटली का गं पोरी?"

"नाही."

"मग बरं," ते म्हणाले आणि पुढची सुरू केली.